गाडी कोणाची?

आम्ही नाशिकमधल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गातल्या एखाद्या मुलाने गृहपाठ केला नाही, की आमच्या तोंडून एक वाक्य सहज निघते : "पढेगा नहीं तो गॅरेज में पाना पकडेगा." हे वाक्य आम्ही बी.एड.च्या पुस्तकातून शिकलो नाही. ते आमच्या गुरुजनांनी आम्हाला ऐकवले होते, आम्ही पुढच्या पिढीला ऐकवतो. बाहेर कोणी आमच्या समाजाला 'पंक्चरवाले' म्हणून हिणवले, तर आमच्या अंगाचा तिळपापड होतो. आम्ही निषेध करतो, लेख लिहितो, मंचावरून बोलतो. पण तेच हिणवणे आम्ही स्वतः, खडू हातात धरून, चाळीस मुलांसमोर दररोज करत असतो, हे आमच्या लक्षात यायला बरीच वर्षे जावी लागली. ते लक्षात आणून दिले एका जुन्या गाडीने.

२०१९ सालची गोष्ट. नववीतला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलाच नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे लाल खुणांची रांग लागली. चौकशी केली तेव्हा कळले, की वडील आजारी आहेत आणि मुलगा द्वारका भागात मामाच्या गॅरेजवर जाऊ लागला आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदी आहे. कुटुंबाच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर हातभार लावण्याची सवलत आहे. सक्तीच्या शिक्षणाचा हक्कही चौदा वर्षांपर्यंतच. हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याच्यासाठी धावून जाणारे आता कोणी नव्हते. उरलो आम्ही.

आम्ही गॅरेजवर गेलो. तिथे त्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. "छोटू? वो पीछे है." शाळेत हजेरी क्रमांक आणि गॅरेजमध्ये छोटू, पोराच्या आईबापांनी अकीक्याला ठेवलेले नाव दोन्ही ठिकाणी हरवलेले. मागे पत्र्याच्या शेडमध्ये तो एका मोडक्या गाडीखाली पाठीवर पडला होता. गाडी कसली, सांगाडाच तो. दोन माणसांच्या बसण्याची, उघड्या टपाची, लांब नाकाची. पुढच्या चाकांवरचे पत्रे गंजून जाळीदार झालेले. उस्ताद, म्हणजे त्याचे मामा, म्हणाले, "एमजी है मास्टरसाब. १९५३ की. दौड की गाडी."

शहरातल्या एका वयस्क गृहस्थांच्या वडिलांनी ती गाडी मुंबईत घेतली होती. नंतर ती बंगल्यामागच्या गोठ्यात चाळीस वर्षे पडून राहिली. आता मुलाला वाटले, डोळे मिटण्यापूर्वी ती एकदा घाटातून चालवावी. असो. आम्ही मुलाला परत न्यायला गेलो होतो. गाडीचे कौतुक ऐकायला नव्हे. उस्तादांनी चहा मागवला, मुलगा मान खाली घालून उभा राहिला, आणि आम्ही आमचे नेहमीचे भाषण केले. शिक्षण, भविष्य, समाज. उस्ताद शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "मास्टरसाब, आपकी बात सही है. लेकिन हमारा काम गाली तो नहीं है ना?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. घरी आल्यावर आम्ही त्या गाडीविषयी वाचायला घेतले, ते खरे तर उस्तादांना उत्तर सापडावे म्हणून. आणि पहिल्याच पानावर आमची फजिती झाली. एमजी या दोन अक्षरांचा अर्थच मुळी 'मॉरिस गॅरेजेस'. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहरातले एक गॅरेज, तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या गाड्यांना वेगवान रूप द्यायला सुरुवात केली आणि गॅरेजचेच नाव गाडीला मिळाले. आणि त्या गॅरेजचे मालक विल्यम मॉरिस कोण? पंधराव्या वर्षी शाळा सोडून सायकलच्या दुकानात उमेदवारीला लागलेला मुलगा. सोळाव्या वर्षी त्याने घरामागे स्वतःचे सायकल दुरुस्तीचे काम सुरू केले. पुढे तो लॉर्ड नफिल्ड झाला आणि १९३७ साली त्याच्या देणगीतून ऑक्सफर्ड विद्यापीठात नफिल्ड कॉलेज उभे राहिले. म्हणजे ज्या विद्यापीठाचे नाव घेऊन आम्ही मुलांना स्वप्ने दाखवतो, तिथले एक कॉलेज एका पंक्चरवाल्याचे आहे!

पण इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अशा गोष्टी सांगून शाळा सोडणाऱ्याच्या पाठीवर थाप मारणे फार सोपे आहे. एक मॉरिस लॉर्ड झाला, त्याच्याबरोबर सायकली दुरुस्त करणारे हजारो हात कुठे गेले, याची नोंद नाही. हुनराचा मान राखणे वेगळे आणि गरिबाच्या मुलाला 'तुला शाळेची गरजच काय' असे म्हणणे वेगळे. दुसऱ्यात मान नाही, जबाबदारी झटकणे आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आमच्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी ऑनलाइन वर्गाला लागणारा मोबाइल नव्हता. गॅरेजही बरेच दिवस बंद होते. टाळेबंदी सैल झाल्यावर एका संध्याकाळी तो मुलगाच आमच्या दारी आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक इंग्रजी पुस्तक, त्या गाडीच्या दुरुस्तीचे. मालकांनी ते विलायतेहून सुट्या भागांबरोबर मागवले होते. इंजिन जोडून झाले होते, चालत होते, पण टॅपेट खडखडत होते. उस्तादांना त्यांच्या उस्तादांनी एक आकडा सांगितला होता : एकोणीस. इंचाचा हजारावा भाग, असे एकोणीस भाग. एवढी फट व्हॉल्व्हच्या दांडीवर सोडायची. ती सोडली होती, तरी आवाज जात नव्हता.

आम्ही दोघे ते पुस्तक घेऊन बसलो. आम्हाला इंजिन कळत नव्हते, त्याला इंग्रजी कळत नव्हते. बऱ्याच वेळाने एक ओळ सापडली. या मॉडेलच्या सुरुवातीच्या इंजिनांना एकोणीस हजारांश इंच फट लागे. पुढे एका ठरावीक इंजिन क्रमांकापासून कॅमशाफ्ट बदलला आणि फट बारा हजारांशावर आली. त्याच्या वहीत इंजिनचा क्रमांक लिहिलेला होता. तो त्या बदलानंतरचा निघाला. म्हणजे उस्तादांचा आकडा चुकीचा नव्हता. तो दुसऱ्या गाडीचा होता.

सातवीत असताना याच मुलाला आम्ही आशारी कसर, म्हणजे दशांश अपूर्णांक, शिकवताना हात टेकले होते. ०.०१९ मोठे की ०.०१२, हे त्याला तेव्हा सांगता येत नव्हते. आता त्याने खिशातून फिलर गेज काढले, दोन पाती वेगळी केली, बोटांत धरून आम्हाला दाखवली आणि म्हणाला, "सर, ये सात का फर्क है. इतने में गाडी चिल्लाती है." सात हजारांश इंच म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. दोन-तीन केसांची जाडी. ते अंतर त्याच्या बोटांना कळत होते आणि आमच्या फळ्यावरून त्याला कधीच कळले नव्हते. चूक कोणाची? त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. परंतु हेही खरे, की बोटांना कळणारे ते अंतर किती ठेवायचे, हे पुस्तकाच्या एका ओळीत होते, आणि ती ओळ वाचता आली नसती तर चांगली बोटेही चुकीच्या आकड्याशी इमान राखत बसली असती.

त्या दिवसापासून तो आठवड्यातून तीन संध्याकाळी येऊ लागला. १७ नंबरचा फॉर्म भरून तो खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसला आणि दुसऱ्या वर्गात पास झाला. गॅरेज त्याने सोडले नाही. आम्हीही मग सोडायला सांगितले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, हे आम्हाला या निमित्ताने कळले. ॲश नावाच्या विलायती झाडाचे ते लाकूड. गोठ्यातल्या वाळवीने त्याचा भुसा केला होता. जुन्या नाशिकमधल्या एका सुतारचाचांनी तो सांगाडा सागवानात नव्याने घडवला. मागचा पत्रा नवा आला, वायरिंग नवे, टप नवे, गाद्या नव्या, ब्रेकचे लायनिंग नवे. एके दिवशी मुलाने विचारले, "सर, इतना सब बदल डाला. तो ये गाडी वही है क्या?"

हा प्रश्न फार जुना आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कने थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपले. फळी कुजली की नवी बसवत गेले. आणि तत्त्वज्ञ वाद घालू लागले, की हे तेच जहाज की दुसरे. आपल्या परंपरेतही हा प्रश्न विचारला गेला. अकराव्या शतकात इब्न सिनाने हवेत तरंगणाऱ्या माणसाची कल्पना मांडली : ज्याला स्वतःच्या हातापायांचीही जाणीव नाही, असा माणूसही 'मी आहे' हे जाणतो, म्हणजे 'मी' हा हातापायांची बेरीज नव्हे. माणसाच्या बाबतीत हे उत्तर चालते. पण गाडीला 'मी' नाही. मग तिचे 'तेच असणे' कशात?

लोखंड-लाकडात म्हणावे, तर टायर बदलला की गाडी बदलली असे म्हणावे लागेल. रूपात म्हणावे, तर अमेरिकेत फोक्सवॅगनच्या चासीवर याच गाडीच्या रूपाचे फायबरचे सांगाडे बसवून नकला विकल्या गेल्या. त्यांना कोणी अस्सल मानत नाही. नावात म्हणावे, तर आज नाशिकच्या रस्त्यावर एमजीच्या नव्या गाड्या धावतात, अष्टकोनी चिन्ह तेच आहे. पण आता त्या चिन्हाची मालकी चीनमधल्या समूहाकडे आणि गाड्या बनतात गुजरातमधल्या हालोलला. कागदात म्हणावे, तर चासीचा क्रमांक हा पुरावा आहे, प्राण नव्हे.

उत्तर आम्हाला सुतारचाचांच्या पटाशीजवळ सापडले. त्यांनी एकही फासळी नुसत्या मापावरून केली नाही. कुजलेली जुनी फासळी सागाच्या फळीवर ठेवायची, जिथे वाळवीने खाल्ले असेल तिथे दुसऱ्या बाजूची फासळी उलटी करून ताडून पाहायची, पेन्सिल फिरवायची, मग करवत. जुनी समोर असल्याशिवाय नवी जन्मत नव्हती. आणि नवी जागेवर बसेपर्यंत जुनी फेकली जात नव्हती. आम्हाला वाटते, वस्तूचे 'तेच असणे' या साखळीत आहे. एका हाताने दुसऱ्या हाताला काळजीपूर्वक सोपवत जाणे, यात आहे. भाषा अशीच टिकते, हुनर असाच टिकतो, घराणी अशीच टिकतात. सगळे बदलते, पण बदलणाऱ्याने जुन्याला शेजारी ठेवलेले असते.

आणि हे मान्य केले, की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. गाडी 'तीच' राहिली ती जर या हातांमुळे, तर ती कोणाची?

सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चासी-सांगाडा-इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यासाठीच. नियम चांगला आहे. पण त्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी किती जीव लावून चालवली! वीस वर्षांची वयोमर्यादा भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी बाद झाली. धुराचा, सुरक्षिततेचा विचार योग्यच होता. त्याविषयी तक्रार नाही. पण म्हातारपणी भंगार ठरायचे की वारसा, हे पुष्कळदा गाडीच्या गुणांवर ठरत नाही. मधली तीस वर्षे तिला उभे राहायला गोठा कोणाकडे होता, यावर ठरते. माणसांचेही काहीसे तसेच आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गाडी घाटात चाचणीला नेण्याचे ठरले. मालक म्हणाले, आधी उस्तादांनी चालवावी. डावीकडच्या जागेवर उस्तादांनी आम्हाला बसवले. पहाटे आम्ही इगतपुरीच्या पुढे कसारा घाटात पोहोचलो. दौडीची गाडी म्हणून आमच्या मनात वेगाची कल्पना होती. पण उस्ताद वेगाने चालवतच नव्हते. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांब उतारावर सारखे दाबले तर तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. म्हणून वळण येण्याआधीच ते गिअर उतरवत, इंजिनलाच गाडी धरून ठेवायला लावत. वळणावर हॉर्न, मग स्टेअरिंगला जेमतेम ओंजळभर वळसा, आणि गाडी रस्त्याला चिकटून फिरे. खाली दरीत धुके होते, बाजूने ट्रक घरघरत होते. आमचा जीव त्या वेळी कशावर टांगलेला होता? मालकीच्या कागदावर नाही, अष्टकोनी चिन्हावर नाही. ज्याने ब्रेकचे लायनिंग बसवले, त्या पोराच्या इमानावर. रात्री कोणी पाहत नसताना त्याने तो शेवटचा नट पुरता आवळला होता की नाही, यावर. वळणावरच्या रस्त्यावर बसल्याशिवाय हे कळत नाही. सरळ रस्त्यावर कोणाचेही काम खपून जाते.

पुढे ती गाडी एका प्रदर्शनात मांडली गेली. बक्षीसही मिळाले. गाडीसमोर फलक होता : गाडीचे नाव, साल, मालकाचे नाव. उस्तादांचे नाव नाही, सुतारचाचांचे नाही, मुलाचे तर नाहीच. मुलगा फलकासमोर बराच वेळ उभा राहिला. मालक भला माणूस. मजुरी त्यांनी चोख दिली होती, वर खुशालीही दिली होती. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. त्यांना सुचलेच नव्हते, एवढेच. आणि हे 'न सुचणे' हेच आमच्या मते गंभीर आहे.

ताजमहालावर हजारो कारागीर राबले. त्यावर सही एकाच माणसाची आहे, भिंतींवरची अक्षरे कोरण्यासाठी लिहून देणाऱ्या अमानत खानाची. लिहिणाऱ्याला नाव लिहिता आले. दगड घडवणाऱ्याला आले नाही. आम्ही शिक्षक, लेखक, या अर्थाने अमानत खानाच्या जातीचे. नाव कोरण्याची सोय आमच्या हातात आहे.

मुलाने गाद्या बसवण्याआधी लाकडाच्या आतल्या बाजूला तिघांची नावे पेन्सिलने लिहायची परवानगी मागितली होती, हे आम्हाला नंतर कळले. उस्तादांनी ती दिली नाही. म्हणाले, "अमानत पर अपना नाम नहीं लिखते." गाडी आपल्याकडे विश्वासाने आली; चांगली करून परत द्यायची; त्यावर हक्क सांगायचा नाही. हे वाक्य ऐकून आमची मान आदराने लवली. कारागिराच्या नीतीची याहून सुंदर व्याख्या आम्ही ऐकलेली नाही.

तरीही आम्ही मुलाच्या बाजूने आहोत. कारण नम्रता हा उस्तादांचा गुण आहे. ती आमची सबब होऊ शकत नाही. ज्याने काम केले त्याने 'नाव नको' म्हणावे, हे त्याला शोभते. ज्याने काम करून घेतले त्याने 'त्यांना नाव नकोच असते' म्हणावे, हे शोभत नाही. अमानत दोन्ही बाजूंनी असते. त्याच्याकडे आपली वस्तू अमानत असते, तेव्हा आपल्याकडे त्याचे श्रेय अमानत असते. वस्तू परत आली, श्रेय परत गेले का, हा हिशेब मालकाने करायचा. समाजाने करायचा. आणि शाळेनेही करायचा, कारण श्रेय नाकारण्याचा पहिला धडा आम्हीच वर्गात देतो, पाना पकडण्याची धमकी देऊन.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून आता काही मिनिटांत डोंगर पार होतो. बरेच झाले, घाटात दर वर्षी किती जीव जात होते. पण ती गाडी मालक अजून कधीमधी जुन्या घाटानेच नेतात म्हणे, आणि शेजारच्या जागेवर आमच्या विद्यार्थ्याला बसवतात. दिवसा गॅरेज सांभाळून तो सध्या बारावीचा अभ्यास करतो आहे. इंग्रजी अजून कच्चे आहे.

आमच्यात एक छोटा बदल झाला, तो सांगून थांबतो. मूल गैरहजर राहिले की आम्ही अजूनही गॅरेजवर जातो, अजूनही त्याला परत यायला सांगतो, त्यात ढिलाई केलेली नाही. पण आधी विचारतो, "तू इथे काय शिकलास? दाखव." आणि छोटू कोणाला म्हणतात ते विचारत नाही. हजेरीपटावरचे पूर्ण नाव घेऊन हाक मारतो.